भंगारातले पोलाद आणि कुलपाचा आकडा

गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या दिवशी गाडीचे वायपर काच पुसण्याऐवजी तिच्यावर पाण्याचे पट्टे ओढू लागले, म्हणून नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजमध्ये ते बदलून घेतले. तिथल्या पोराने जुने वायपर कोपऱ्यातल्या डब्यात भिरकावले तेव्हा मी ते परत मागितले. “काका, रबर पार गेलंय त्याचं, काय करणार?” असे त्याने विचारले. रबर मला नकोच होते. त्या रबराच्या दोन्ही बाजूंना खाचेत बसवलेल्या, बुटाच्या नाडीपेक्षाही अरुंद अशा स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या मला हव्या होत्या. दोन वायपरांतून अशा चार पट्ट्या निघाल्या. घरी येऊन त्यांतली एक बोटांनी जवळजवळ अर्धवर्तुळाकार वाकवली आणि सोडली, तेव्हा ती झटकन सरळ झाली आणि हातात बारीक थरथर ठेवून गेली. व्हर्नियरवर तिची जाडी ०.८ मिलिमीटर भरली. किल्लीशिवाय कुलूप उघडताना त्याला पीळ देणारी ताणपट्टी करण्यासाठी याहून चांगला माल विकत घेऊनही मिळाला नसता.

सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझे सारे नोकरीचे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले. माळ्यावर आमच्या आजीची एक पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली नाही. वडिलांच्या हयातीतही ती नव्हती. ते कुलूप तोडायचे नाही, उघडायचे, असे मनात आले आणि तिथून हा छंद लागला. कुलूप उघडण्याची हत्यारे मी घरी बनवतो हे सौभाग्यवतींना प्रथम कळले तेव्हा त्यांनी, “अहो, हे बाहेर कुणाला सांगत बसू नका,” एवढेच म्हटले होते. ते मी पाळलेले नाही, हे इथे दिसतेच आहे.

हत्यारांकडे वळण्याआधी कुलपाच्या आत काय असते ते सांगणे भाग आहे, कारण हत्याराचा आकार आणि जाडी तिथूनच ठरते. पिनांचे एक निरुपयोगी झालेले पितळी कुलूप मी व्हाइसमध्ये धरून उभे कापले होते. किल्ली जिच्यात शिरते ती मधली दांडी, म्हणजे प्लग, आणि तिच्याभोवतीचे कुलपाचे अंग या दोहोंतून आरपार जाणारी पाच भोके त्यात होती. प्रत्येक भोकात एकीवर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर दाबणारी एक स्प्रिंग होती. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी प्लगमध्ये आणि अर्धी बाहेरच्या अंगात राहून प्लगला फिरू देत नाही. योग्य किल्ली प्रत्येक खालच्या पिनेला नेमकी इतकी उचलते की दोन पिनांमधला सांधा प्लगच्या कडेशी जुळतो, आणि पाचही सांधे जुळले की प्लग मोकळा फिरतो. ही कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे, पण चपट्या किल्लीचे आजचे आटोपशीर रूप तिला अमेरिकेत धाकट्या लायनस येलने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून दिले.

किल्लीशिवाय हे कुलूप उघडते ते त्याच्या कल्पनेत खोट आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या घडणीत खोट राहते म्हणून. पाच भोके एका रेषेत पाडायची ठरवली तरी ती अगदी एका रेषेत कधीच येत नाहीत. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा का होईना, पण फरक राहतो, आणि ज्याने आयुष्यभर ड्रिलिंगचे जॉब मोजले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती कोणती हे हाताने शोधायचे आणि सांधा जुळेपर्यंत तिला उचलायचे. तसे झाले की प्लग केसभर सरकतो, ती पिन तिथेच थबकते आणि अडकण्याची पाळी दुसरीवर येते. म्हणून हत्यारे दोनच लागतात. पीळ देणारी इंग्रजी ‘एल’च्या आकाराची एक ताणपट्टी आणि पिना चाचपणारा, टोकाला किंचित वर वळलेला एक आकडा. करवतीसारखे दाते असलेले, लाटांसारखे, त्रिकोणी असे आणखी पुष्कळ प्रकार हौशी लोक करतात, मीही दोन-तीन केले, पण ते डब्यातच पडून आहेत.

आता या आकड्याचे खरे काम उचलण्याचे नाही, ऐकण्याचे आहे. आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अडकलेली पिन आणि मोकळी पिन यांतला फरक पोलादाच्या त्या चिंचोळ्या दांडीतून बोटांपर्यंत पोहोचतो तेवढाच. दांडी मऊ असेल तर ती स्वतःच वाकते आणि पिन हलली असे वाटायला लावते. अंग खरखरीत असेल तर ती किल्लीच्या वाटेवर घासत जाते आणि त्या घासण्याच्या आवाजात पिनेचा आवाज बुडतो. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की या कामात आकाराला फार थोडे महत्त्व असून पोलादाच्या पाण्याला आणि पाठीच्या पॉलिशला सगळे महत्त्व आहे. पाणी म्हणजे लोहार विळ्याला, कोयत्याला देतो ते. भंगारातून हत्यार करण्यातली सोय अशी की ज्या वस्तू स्प्रिंगसारख्या वागण्यासाठीच बनवलेल्या असतात त्यांच्या पोलादाला कारखान्यात नेमके पाणी आधीच दिलेले असते. ते उतरू द्यायचे नाही, एवढेच आपल्याकडे उरते. पण तेवढेच जमायला मला तीन महिने लागले.

भंगार शोधताना मी घरातूनच सुरुवात केली. मोजपट्टीच्या टेपचे पाते फारच पातळ निघाले, ते आकडा होण्याच्या लायकीचे नाही. सायकलचा आरा गोल असतो; ठोकून चपटा केला तर जाडसर ताणपट्टी होते, पण पाठ कधीच सपाट येत नाही. मोडक्या छत्रीच्या काड्या नळीसारख्या दुमडलेल्या पत्र्याच्या असतात आणि त्यांचे पोलाद बरे असले तरी रुंदी पुरत नाही. मालाच्या खोक्यांभोवती आवळलेली लोखंडी पट्टी सातपूर-अंबडच्या कोणत्याही गेटबाहेर पडलेली मिळते. दिसायला ती अगदी हवी तशी असते, पण वाकवली की अर्धीच परत येते. परदेशातले छंदिष्ट रस्ते झाडणाऱ्या यांत्रिक गाड्यांच्या ब्रशांतून गळलेल्या पोलादी काड्या गटारीच्या कडेने वेचतात असे वाचून मी गंगापूर रोडला सकाळच्या फिरण्यात काही दिवस खाली मान घालून चाललो. तीन खिळे आणि एक नट मिळाला. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. तो असता तर कदाचित एका फेरीतच काम झाले असते. शेवटी ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे पोत्याच्या तळाशी जुन्या फीलर गेजचा, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पोलादी पात्यांचा, एक गंजका जुडगा सापडला, आणि तो पाहून मला खरोखर भरून आले, कारण ०.५ आणि ०.६ मिलिमीटरची ती पाती म्हणजे कडक करून नेमके उतरवलेले पोलाद आणि जाडी त्याच्यावरच कोरलेली. अर्ध्या किलोच्या भावात त्याने तो दिला, वर “साहेब, हे कशाला लागतं?” असेही विचारले नाही.

परंतु रोजच्या वापराचा माल म्हणजे एक्सोब्लेड, अर्थात लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात दाते गेलेली पाती कोपऱ्यात पडलेली असतात आणि मागितली की फुकट मिळतात. ३०० मिलिमीटर लांब, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि ०.६५ मिलिमीटरच्या जवळपास जाड. एका पात्यात चार आकडे निघतात. मात्र आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्याच वर्षी शिकवतात ती गोष्ट इथे विसरता येत नाही. संपूर्ण कडक केलेले पाते काचेसारखे असते, ते वाकवले तर मोडते. फ्लेक्सिबल म्हणतात त्या पात्याचे फक्त दाते कडक असतात आणि पाठ मऊ असते, त्यामुळे त्याचा आकडा तारेसारखा वाकतो. यांच्या मधले बाय-मेटल पाते, ज्याला हायस्पीड स्टीलच्या दातांची कड स्प्रिंगसारख्या चिवट पाठीला जोडलेली असते, ते या कामाला उत्तम. रंग उडालेल्या पात्यावरून जात ओळखता येत नाही, म्हणून मी दोन परीक्षा करतो. पाते जाड कापडात गुंडाळून, चष्मा लावून हळूहळू वाकवायचे. मोडले तर एक जात, वाकडे राहिले तर दुसरी, परत आले तर आपली. दुसरी परीक्षा ठिणगीची. ग्राइंडरला टेकवल्यावर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या टोकाला फुटतात, आणि वायपरच्या स्टेनलेस पट्टीच्या आखूड, थोड्या आणि तांबूस पडतात.

पहिला आकडा मी एका संध्याकाळी घाईने केला. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून आकार कापला, पात्यावर चिकटवला, पोलादी सुईने रेखला आणि बेंच ग्राइंडर सुरू केला. दांडी अडीच मिलिमीटर रुंद आणि टोक त्याहून बारीक राखायचे होते. दांडीपर्यंत सगळे ठीक चालले. टोक घासताना मात्र डोळ्यांसमोर ते आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळे, मग निळे आणि लगेच करडे झाले, आणि हे सगळे एका श्वासात झाले. पोलाद तापताना त्याच्यावर जे रंग चढतात ते त्याचे तापमान सांगतात. गव्हाळ रंग सुमारे २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. निळ्यापर्यंत बिघडत नाही. घड्याळाच्या स्प्रिंगा निळ्या असतात त्या उगाच नव्हेत. पण निळ्याच्या पुढे जाऊन करडे पडले की पाणी उतरलेच. दांडीच्या जाडीत उष्णता पसरायला जागा असते, दीड मिलिमीटरच्या टोकात ती नसते, हे मी दुसऱ्यांना शिकवलेले असूनही स्वतःच्या हातात विसरलो. तो आकडा तिसऱ्या पिनेशी पोहोचला आणि मान टाकून बसला.

मग त्याला पुन्हा पाणी देण्याचा उद्योग केला, तोही सांगून टाकतो. पोलाद चुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या किंचित वर तापवायचे आणि एकदम थंड करायचे हे सूत्र मला पाठ होते. स्वयंपाकघरात कुणी नसताना गॅसच्या मोठ्या शेगडीवर पक्कडीत धरून तो लाल केला आणि पाण्यात बुडवला. अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीला शेगडीपासून पातेल्यापर्यंतचा हातभर प्रवासही फार होतो, तेवढ्यात टोकाची लाली विझली होती. दुसऱ्या खेपेला पातेले शेगडीला लावून ठेवले, तेव्हा आकडा कडक झाला खरा, पण कुरडईसारखा वाकडा झाला आणि सरळ करायला गेलो तर त्याचे दोन तुकडे झाले. पातेले चहाचे होते, हा तपशील घरात अजून निघतो.

तेव्हापासून एकच नियम पाळतो. पाते उघड्या बोटांनी धरायचे, हातमोजा घालायचा नाही, आणि बोटांना सोसवेनासे झाले की पाण्यात बुडवायचे. फिरत्या चाकापाशी हातमोजा तसाही धोक्याचा असतो, चष्मा मात्र हवाच. दोन-तीन सेकंद चाकावर आणि तितकेच पाण्यात, असे करत एका आकड्याला तास जातो. दाते काढण्याचे आणि मोठा भाग उडवण्याचे काम ग्राइंडरवर, शेवटचे अर्धा मिलिमीटर हाताने. इथे साधी कानस चालत नाही. कडक पोलादावर ती नुसती घसरते आणि तिचेच दाते जातात. ती घसरते यावरूनच पाणी शाबूत आहे हेही कळते. हिऱ्याची भुकटी लावलेल्या बारीक कानसींचा स्वस्त संच हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो, तो घ्यावा. या हत्यारांसाठी मी दुकानातून नवी विकत घेतलेली वस्तू पॉलिश पेपरखेरीज तेवढीच आहे.

दुसरा आकडा रंग न बदलता झाला, आकारही सुरेख आला, आणि त्याच आनंदात पॉलिश अर्धवट सोडून मी तो घराच्या मागच्या दाराच्या कुलपावर चालवला. दुसरी पिन बसली. तिसरीवर जरा जोर दिला आणि टक् असा आवाज आला, जो पिनेचा नव्हता. चार मिलिमीटरचे टोक आत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये राहिले आणि उरलेला आकडा माझ्या हातात. आता किल्लीही आत जाईना. शेवटी कोयंडाच कापावा लागला, तोही त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या पात्याने. नंतर मोडलेला भाग भिंगाखाली पाहिला तेव्हा कारण स्वच्छ दिसले. ग्राइंडरचे ओरखडे दांडीला आडवे पडले होते आणि त्यांतल्याच एका ओरखड्यातून ती मोडली होती. काच कापणारा आधी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेवर मोडतो, त्यातला हा प्रकार. मी आपल्याच हाताने आकड्यावर वीस-पंचवीस रेघा ओढून ठेवल्या होत्या.

पॉलिशचे काम म्हणून आता मी सगळ्यात सावकाश करतो. लाकडाच्या सपाट पट्टीवर पॉलिश पेपर ताणून धरायचा आणि आकडा नेहमी लांबीच्या दिशेने ओढायचा. आधी २२० नंबर, मग ४००, मग ८००, शेवटी पाण्यासह १२००. आधीच्या नंबराचा एकही ओरखडा दिसेनासा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. कडा मोडायच्या, पण गोल करताना जाडी जाऊ द्यायची नाही. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आकड्याची पाठ, जी किल्लीच्या वाटेच्या तळावर घासत असते. लोक टोकालाच घासत बसतात. माझ्या अनुभवाने टोकाच्या दुप्पट वेळ पाठीला द्यावा. मुठीसाठी सुरुवातीला सायकलच्या ट्यूबचे जाड वेटोळे दिले होते, हाताला छान वाटे, पण पिनेची थरथर त्या रबरातच विरून जाई. आता पितळेच्या दोन पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंना लावून तांब्याच्या रिव्हेटने बसवतो. तांब्या-पितळेच्या गावात एवढ्या तुकड्यांची वाण पडत नाही. जुन्या नाशकातल्या एका भांडीवाल्याने कातरणाची मूठभर पट्टी हसत हसत दिली.

ताणपट्टी त्या मानाने सोपी आहे. वायपरच्या पट्टीचा बोटभर लांब तुकडा घ्यायचा, टोक वाटेत बसेल इतके घासून अरुंद करायचे आणि टोकापासून बारा मिलिमीटरवर काटकोनात वाकवायची. तापवायची अजिबात नाही. ती पट्टी लाटून कडक केलेली असते आणि तापवली की तो कडकपणा जातो. थंडच वाकवायची, पण व्हाइसच्या धारदार कडेवर नव्हे, कारण तिथे बाहेरच्या अंगाला चीर जाते. व्हाइसमध्ये तीन मिलिमीटरचा खिळा धरून त्याच्याभोवती वळवली तर कोपरा किंचित गोल येतो आणि टिकतो. तिच्यावर बोटाचा भार किती द्यावा हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पिकलेला चिकू दाबून पाहताना जेवढा देतो तेवढा, असे मी नातवाला सांगितले, आणि त्याचे पहिले कुलूप माझ्या पहिल्यापेक्षा लवकर उघडले.

माझे पहिले कुलूप बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर किल्लीशिवाय विकत घेतलेले एक लहान पितळी कुलूप होते. नवखा माणूस एकदम सगळ्या पिनांच्या मागे लागला तर कंटाळतो, म्हणून कुलूप खोलून आधी एकच पिन ठेवावी, मग दोन, मग तीन. मी तसे केले नाही आणि अकरा दिवस रोज संध्याकाळी त्याच्याशी झटलो. बाराव्या दिवशी तिसरा आकडा, पाठ आरशासारखी केलेला, आत घातला तेव्हा पहिल्यांदाच आत काय आहे ते बोटांना समजले. चौथी पिन खडकासारखी होती, बाकीच्या स्प्रिंगवर डुलत होत्या. चौथी उचलली, टिक् झाले आणि ताणपट्टी जराशी खाली गेली. मग पहिली. मग तिसरी. दुसरी बसली तेव्हा प्लग फिरला, आणि मी इतका दचकलो की पट्टी हातातून पडली.

या छंदाचे दोन नियम जगभर मानले जातात. स्वतःच्या मालकीचे नसलेले कुलूप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही आणि जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही. दुसरा नियम कशासाठी आहे हे माझ्या मागच्या दाराने मला दाखवलेच. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन योग्य कारणाशिवाय कुणाजवळ सापडले तर तो गुन्हा ठरतो, आणि कारण योग्य होते हे दाखवण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. मी टूलरूममधून निवृत्त झालेलो आहे आणि मला पॉलिशची आवड आहे, हे कारण रात्री अकरा वाजता नाकाबंदीवर किती योग्य वाटेल याची परीक्षा घेण्याची माझी इच्छा नाही. हत्यारांचा डबा घराबाहेर जात नाही. जातो तेव्हा दिवसाढवळ्या, ठरलेल्या ठिकाणी.

सगळीच कुलपे उघडतात असाही गैरसमज नको. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चब या इंग्रज कंपनीचे नावाजलेले लिव्हरचे, म्हणजे पिनांऐवजी आत उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असलेले, कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले होते. पण १७९० पासून २०० गिनींच्या बक्षिसासह दुकानाच्या खिडकीत मांडलेले ब्रामा या इंग्रज कुलूपकाराचे कुलूप उघडायला त्यालाही सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, आणि त्यासाठी त्याने खास साधने वापरली होती. माझ्या घरच्या पुढच्या दाराला सात लिव्हरचे नवताल आहे. त्याच जातीचे एक जुने कुलूप सरावासाठी घेऊन मी दोन महिने बसलो होतो, पिनांचा आकडा त्यात नुसता फिरत राहतो. पुढच्या दाराबद्दल त्यामुळे मी निश्चिंत आहे.

आजीच्या पेटीचे कुलूपही लिव्हरचेच निघाले, म्हणजे ज्या कुलपासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला त्याला माझे एकही हत्यार लागू पडले नाही. गेल्या महिन्यात ते कुलूप पेटीसकट गाडीत घालून रविवार कारंजाजवळ बसणाऱ्या एका चावीवाल्याकडे नेले. त्याने कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळली, कुलपात घालून हलकेच फिरवली, बाहेर काढून काजळी कुठे पुसली गेली ते पाहिले, तिथे कानस दोनदा ओढली आणि पुन्हा काजळली. झिजून पेन्सिलीएवढी झालेली ती कानस तो तीन बोटांत धरत होता. वीस-बावीस मिनिटांत पेटी उघडली. आत दोन नऊवारी लुगडी, एक तांब्याचे पंचपात्र आणि डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी होती.

पैसे दिल्यावर मी भीत भीत डबा उघडून माझा सगळ्यात चांगला आकडा त्याच्यासमोर धरला. त्याने टोकाकडे पाहिलेही नाही. आकडा उलटा केला, त्याची पाठ स्वतःच्या अंगठ्याच्या नखावरून सावकाश ओढली, मग पुन्हा एकदा ओढली, आणि नखावर उमटलेली पांढरी रेघ मला दाखवली.

“काका, पाठ अजून खरखरीत आहे,” तो म्हणाला.

घरी आल्यावर मी २००० नंबरचा पेपर आणला आहे.